काम, गप्पा आणि विश्वास

संगणकाची आज्ञावली लिहिणारा माणूस बंद खोलीत एकटाच बसून काम करतो, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. अनेक महत्त्वाच्या आज्ञावली दूरदूरच्या शेकडो माणसांनी इंटरनेटच्या साहाय्याने मिळून लिहिलेल्या आहेत. अशा समूहात कामाचे बोलणे किती असावे आणि मनातले किती, हा प्रश्न सतत उभा राहतो. ‘डेबियन’ या समूहाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

डेबियन ही संगणकाचा सर्व कारभार चालविणारी कार्यप्रणाली होय. ती कोणासही विनामूल्य वापरता येते आणि तिच्यात बदलही करता येतात. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ मध्ये तिचा आरंभ केला. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव घडविले. म्हणजे या तांत्रिक कार्याच्या नावातच घरगुती जिव्हाळा आहे. आज सुमारे १००० अधिकृत सदस्य, बहुतांशी स्वयंसेवक म्हणून, निरनिराळ्या देशांतून हे काम करतात.

कामाच्या बोलण्याला येथे कडक शिस्त आहे. आज्ञावलीत दोष आढळला की त्याची नोंद होऊन त्याला क्रमांक मिळतो आणि त्याविषयीचा पत्रव्यवहार त्या क्रमांकाखाली, सर्वांना वाचता येईल असा, जतन केला जातो. पाच वर्षांनी तोच दोष दुसऱ्या कोणाला आढळला, तर त्याला उत्तर तेथे शोधता यावे, हा हेतू. त्या पत्रांत कोणी क्रिकेटची चर्चा सुरू केली, तर नेमके उत्तर ढिगाऱ्यात बुडून जाईल. शिवाय वाचणाऱ्यांच्या वेळेचाही हिशेब आहे. एक अवांतर पत्र वाचण्यात १००० माणसांचा अर्धा अर्धा मिनिट गेला, तरी एकूण आठ तासांहून अधिक वेळ खर्च होतो. कामाचा एक पूर्ण दिवसच! आपण एकदा लिहिलेले शेकडो लोक वाचतात, याचे भान ठेवून थोडक्यात लिहावे, असे समूहाने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेतही सांगितले आहे.

मग गप्पांना बंदी आहे काय? तसे नाही. तत्काळ संभाषणासाठी तांत्रिक मदतीचे दालन वेगळे आणि अवांतर गप्पांचे वेगळे, अशी सोय आहे. गावात कचेरी आणि पार निराळे असतात, त्यातलाच हा प्रकार. काही खाजगी गोष्टी तर कामाइतक्याच आवश्यक मानल्या जातात. सदस्य रजेवर जाणार असेल किंवा अन्य व्यापात गुंतला असेल, तर त्याने ते सदस्यांपुरत्या मर्यादित पत्रव्यवहारात कळवावे, असा संकेत आहे. त्यामुळे त्याच्या कामाकडे दुसऱ्याला लक्ष देता येते.

अशी विचारपूस नसेल तर काय घडू शकते? ‘एक्स-झेड’ ही माहिती कमी जागेत मावविणारी छोटी आज्ञावली डेबियनसह अनेक प्रणालींत वापरली जाते. तिचा सांभाळ मुख्यतः एकच माणूस विनामोबदला करीत होता. व्यक्तिगत अडचणींमुळे आपले बळ अपुरे पडत असल्याचे त्याने २०२२ मध्ये कामाच्या पत्रव्यवहारातच लिहिले. त्या सुमारास काही अपरिचित नावांनी त्याच्यामागे तगादा लावला होता. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या मदतनिसाकडे हळूहळू अधिकार गेले. आणि २०२४ मध्ये त्याच नावाने, परक्या संगणकांत शिरण्याची चोरवाट आज्ञावलीत घुसविण्यात आली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर काम करताना संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, म्हणून त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती उघडकीस आली. गप्पांनी हे टळलेच असते, असे म्हणता येणार नाही. पण एकाकी पडलेल्या माणसाला हेरणे किती सोपे असते, ते दिसून आले.

डेबियनमध्ये नव्या सदस्याला सामान्यतः जुन्या सदस्याची समक्ष भेट घ्यावी लागते. जुना सदस्य त्याचे ओळखपत्र पाहतो आणि मगच त्याच्या अंकीय स्वाक्षरीच्या किल्लीला आपली साक्ष जोडतो. अशा भेटींची मोठी संधी म्हणजे समूहाचे संमेलन. पहिले संमेलन २००० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे झाले. २०२३ चे केरळातील कोची येथे भरले. दिवसभर दोष आणि दुरुस्त्यांची चर्चा चालते. एका संध्याकाळी मात्र प्रत्येकाने आपापल्या मुलुखातून आणलेले खाद्यपदार्थ एकत्र मांडायचे आणि सर्वांनी ते चाखत गप्पा मारायच्या, अशी तेथे जुनी प्रथा आहे.