‘चिठ्ठी’ आणि तिचा अधिकार : कायरोप्रॅक्टरने दिलेल्या एम. आर. आय.च्या निर्देशाचा अर्थविचार

परिभाषेचा विचार करताना आपण सामान्यतः शास्त्रग्रंथांतील शब्दांकडे वळतो. रोजच्या व्यवहारातील कागदांवरचे शब्द आपल्या दृष्टीस फारसे पडत नाहीत. वास्तविक शब्दाचा अर्थ चुकीचा घेतल्यामुळे माणसाला प्रत्यक्ष हानी सोसावी लागते ती बहुधा या कागदांच्याच क्षेत्रात होय. प्रस्तुत लेखात अशाच एका कागदाचा विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते एका वृद्ध आप्तांच्या अनुभवामुळे. हे गृहस्थ अमेरिकेत अनेक वर्षे स्थायिक असून वयाची सत्तरी ओलांडलेले आहेत. कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी ते एका कायरोप्रॅक्टरकडे जात असत. काही आठवड्यांनी त्याने त्यांना कण्याच्या एम. आर. आय. तपासणीसाठी एक कागद लिहून दिला. “डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, आता प्रश्न उरला नाही,” असे त्यांनी दूरध्वनीवर सांगितले. तपासणी झाली, परंतु मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने खर्च नाकारला आणि सगळे देयक त्यांच्यावर आले. त्यांचा प्रश्न साधा होता : “ती चिठ्ठी खोटी होती काय?”

चिठ्ठी खोटी नव्हती. मग ती निष्फळ का ठरली, हे पाहण्यासाठी प्रथम मराठी शब्दाकडे वळले पाहिजे. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तपासणी केंद्रात जातो, बहुधा स्वतःच पैसे भरतो आणि अहवाल घेऊन परततो. या व्यवहारात चिठ्ठी ही एकसंध वस्तू असते. तिच्यात ‘तपासणी आवश्यक आहे’, ‘तपासणी करा’ आणि ‘हिचा खर्च अमुक देईल’ अशी तीन विधाने सामावलेली असू शकतात, हे आपल्या ध्यानात येण्याचे कारणच पडत नाही. शासकीय मराठीने याच व्यवहारासाठी ‘संदर्भ सेवा’ हा शब्द योजला आहे. नाशिक येथील संदर्भ सेवा रुग्णालयाचे नाव त्याचीच साक्ष देते. ‘शिफारस’ हा तिसरा शब्दही कानी पडतो. पण शिफारशीत केवळ मत असते, आदेश नसतो. इंग्रजी ‘रेफरल’ या एका शब्दासाठी आपण हे तिन्ही शब्द वापरतो आणि तिन्ही ठिकाणी थोडथोडे चुकतो.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि 1962 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत एक मूलगामी भेद मांडला. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करतात, तर काही वाक्ये उच्चारणे हीच एक कृती असते. अशी कृतिरूप वाक्ये खरी किंवा खोटी नसतात. ती सफल किंवा विफल होतात. सफलतेसाठी बोलणाऱ्यास योग्य अधिकार असावा लागतो आणि प्रसंगही अनुरूप असावा लागतो. तपासणीचा निर्देश हे अशा वाक्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची सफलता ज्यांच्यापुढे तो ठेवला जातो त्यांच्यावर अवलंबून असते. आणि अमेरिकेत तो एकाच वेळी तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला जातो.

पहिला अधिकारी म्हणजे राज्याचा कायदा. कायरोप्रॅक्टिक ही पद्धती डी. डी. पामर यांनी 1895 साली आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून तिचे नाव बनले आहे. आपले लोक कायरोप्रॅक्टरला सहज ‘हाडवैद्य’ म्हणतात. परंतु हा शब्द दिशाभूल करणारा आहे. कॅन्सस राज्याने 1913 साली या व्यवसायास परवाना दिला आणि 1974 साली लुइझियानाने दिल्यानंतर सर्व राज्यांत तो परवानाधारक झाला. व्यवसायाची व्याप्ती मात्र प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. ती औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याच्या व्याप्तीहून संकुचित असते. तरीही अनेक राज्यांत एम. आर. आय.चा निर्देश देणे तिच्यात बसते. आमच्या आप्तांची चिठ्ठी या पहिल्या कसोटीस उतरली होती.

दुसरा अधिकारी म्हणजे तपासणी केंद्र. एम. आर. आय.मध्ये क्ष-किरणांचा उपयोग होत नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाची चित्रे मिळवली जातात. म्हणून शरीरात हृदयगतिनियामक यंत्र किंवा धातूचा तुकडा आहे काय, हे केंद्रास आधी जाणून घ्यावे लागते. वेदना किती दिवसांची आहे, कोणते उपचार झाले, पायातील शक्ती किंवा संवेदना उणावली आहे काय, आणि तपासणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे निर्देशपत्रात असेल तर प्रतिमा वाचणाऱ्या तज्ज्ञास नेमके काय शोधावयाचे ते कळते. केवळ ‘पाठदुखी’ एवढाच शब्द लिहिणे म्हणजे प्रश्न न विचारता उत्तर मागणे होय. केंद्रानेही ही चिठ्ठी स्वीकारली.

तिसरा अधिकारी खर्च देणारा. आणि चिठ्ठी विफल झाली ती येथे. खाजगी विमा कंपन्यांचे नियम निरनिराळे असतात. काहींना कुटुंबवैद्याचाच निर्देश लागतो आणि पुष्कळांना तपासणीपूर्वी मंजुरी हवी असते. मेडिकेअरच्या बाबतीत मात्र प्रश्न एका नामाच्या व्याख्येचा आहे. 1972 सालच्या दुरुस्तीने कायरोप्रॅक्टरचा समावेश कायद्यातील ‘फिजिशियन’ या संज्ञेत झाला; पण तो एकाच कृतीपुरता, म्हणजे मणक्याचे अंशतः ढळलेले स्थान हाताने दाबून सुधारण्यापुरता. या कृतीच्या संदर्भात तो फिजिशियन आहे. तीच व्यक्ती त्याच खोलीत, त्याच रुग्णासाठी तपासणीचा निर्देश लिहू लागली की मेडिकेअरच्या दृष्टीने ती फिजिशियन उरत नाही. नामाचा अर्थ क्रियापदाने ठरावा असे उदाहरण व्याकरणाच्या वर्गातही सहसा सापडत नाही. यातून एक विचित्र स्थितीही उत्पन्न झाली होती. या उपचाराचा खर्च मिळण्यासाठी मणका ढळल्याचे क्ष-किरण चित्राने दाखवावे, अशी अट 1999 अखेरपर्यंत होती. पण कायरोप्रॅक्टरच्या निर्देशाने काढलेल्या त्या चित्राचा खर्च मात्र मेडिकेअर देत नसे. अट 2000 सालापासून गेली. खर्च न देण्याचा नियम कायम आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. तपासणी तीच, यंत्र तेच, रुग्णही तोच. मग सही कोणाची हे पाहणे म्हणजे निव्वळ व्यावसायिक मत्सर नव्हे काय? या शंकेस इतिहासाचा आधार आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनविरुद्ध काही कायरोप्रॅक्टरांनी 1976 साली दावा लावला, आणि त्यांच्यावर टाकलेला बहिष्कार स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा होता असा निर्णय न्यायालयाने 1987 साली दिला. तरीही आक्षेप पूर्णतः टिकत नाही. लॅटिन ‘रेफेरे’चा मूळ अर्थ ‘परत वाहून नेणे’ असा आहे. त्यातील ‘फेर्रे’ हा धातू आणि संस्कृत ‘भृ’ हे एकाच कुळातले, आणि ‘भार’ हा आपला शब्दही त्याच ‘भृ’पासून आलेला. अहवाल निर्देश देणाऱ्याकडेच परत येतो, आणि त्याचा भार त्याने वाहावयाचा असतो. अहवालात अकस्मात गाठ किंवा जंतुसंसर्ग आढळल्यास पुढील उपचार कायरोप्रॅक्टरच्या व्याप्तीबाहेरचे ठरतात. उलटपक्षी, अहवालात जे दिसते ते सारेच रोग नसते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात्मक अभ्यासानुसार, कोणतीही वेदना नसलेल्या विशीतील माणसांपैकी 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातील 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज प्रतिमांत आढळते. म्हणूनच अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2007 साली असा सल्ला दिला की, विशेष कारण नसलेल्या कंबरदुखीत नित्याची बाब म्हणून प्रतिमा घेऊ नये. याच्या दुसऱ्या टोकास मूत्र अडणे, जांघांच्या मधल्या भागात बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे येतात. अशा वेळी कोणाच्याही चिठ्ठीची वाट न पाहता थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा लागतो.

मग आमच्या आप्तांनी काय करावयास हवे होते? कायरोप्रॅक्टरकडून तपासणी केंद्राच्या नावे कागद घेण्याऐवजी आपल्या कुटुंबवैद्याच्या नावे पत्र घ्यावयास हवे होते. त्यात किती आठवडे कोणता उपचार झाला आणि तपासताना काय आढळले, हे नमूद असते. ते पत्र वाचून आणि रुग्णास स्वतः तपासून कुटुंबवैद्याने निर्देश दिला असता, तर तो मेडिकेअरपुढेही सफल होऊ शकला असता. कारण उपचार करणाऱ्या वैद्याचा निर्देश आणि वैद्यकीय आवश्यकता याच तेथील मुख्य अटी आहेत. म्हणजे कायरोप्रॅक्टरचे लेखन निरुपयोगी नव्हते. ‘आदेश’ म्हणून जे विफल झाले तेच ‘साक्ष’ म्हणून मोलाचे ठरले असते.

परभाषेतील संस्थांशी व्यवहार करणाऱ्या आपल्या माणसांना केवळ शब्दांचे पर्याय पुरवून भागणार नाही. ‘रेफरल म्हणजे चिठ्ठी’ असे कोशात लिहिणे सोपे आहे. परंतु चिठ्ठी कोणी लिहिली, कोणापुढे ठेवली आणि तिचा भार कोण उचलणार, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही. हे प्रश्न तपासणीच्या आधी विचारले असते, तर एका वृद्ध माणसाला त्यांचे उत्तर देयकाच्या रूपाने मिळाले नसते.