जावईबापूंचं मधलं नाव

बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याचा पासपोर्ट उघडला, नाव वाचलं आणि वडिलांच्या रकान्यात 'जेम्स' लिहून टाकलं. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं, नाहीतर नवऱ्याचं. पान उलटल्यावर पॅनकार्डाची झेरॉक्स आली. त्यावर वडिलांचं नाव रॉबर्ट. "मॅडम, इथे जेम्स, इथे रॉबर्ट. नक्की वडील कोण?" इंग्रजांकडे मधलं नाव आईबापांनी हौसेने ठेवलेलं असतं, त्याचा बापाशी संबंध असेलच असं नाही, हे पटवण्यात पाऊण तास गेला. अखेर मॅनेजरांनी जेम्स खोडला आणि शेजारी सही ठोकली.

लीड्समध्ये बारा वर्षं काढून २०२२ मध्ये आम्ही नाशिकला परतलो. निघण्याआधी जो भेटेल तो तिखटाबद्दल, उन्हाबद्दल आणि हॉर्नबद्दल बजावत होता. मधल्या नावाबद्दल कुणी बोललं नाही. परदेशी जोडीदाराला घेऊन परतणाऱ्यांना सल्ला मिळतो तो सगळा जेवणाखाण्याचा आणि माणसांचा. गाडं अडतं ते फायलीत. फायलीबद्दलही समज भरपूर आहेत. काही मामांनी दिले, काही व्हॉट्सॲपने, आणि दोन-तीन मी स्वतःच विमानातून आणले होते.

"लग्न झालंय ना, मग तो भारतीयच झाला."

नाही. लग्नाने नागरिकत्व मिळत नाही, अर्ज करण्याची वाट मिळते. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५ प्रमाणे भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला नोंदणीने नागरिक होता येतं, पण त्याआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. मूळचं नागरिकत्वही सोडावं लागतं. याच कलमात एक गंमत होती. १९५५ च्या मूळ मजकुरात ही सोय फक्त भारतीयांशी लग्न केलेल्या 'स्त्रियांना' होती. परदेशी सुनेला दार उघडं, परदेशी जावयाला बंद. १९८६ च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' जाऊन 'व्यक्ती' आल्या. आता दोघांना नियम एकच आहे. तरी "बाईचा नवरा परदेशी असला तर कटकट जास्त" हे मला अजून ऐकायला मिळतं. कटकट सारखीच आहे, चौकशा मात्र जास्त होतात.

"ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व."

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि दोष नावाचा आहे. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' असं छापलेलं कार्ड हातात पडल्यावर माणसाला आपण सिटिझन झालो असं वाटणारच. पण कार्डधारक परदेशी नागरिकच राहतो. त्याला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. मिळतो तो आयुष्यभराचा व्हिसा. परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरआरओकडे, नोंदणीचा जाच उरत नाही, आणि बहुतेक नोकरी-धंदा वेगळ्या परवान्याशिवाय करता येतो.

यासाठी पूर्वज भारतीय असावे लागतात, हाही समज खोटा. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या जोडीदाराला हे कार्ड मिळू शकतं. त्यासाठी लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या वेळी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. शिवाय सुरक्षा तपासणी होते. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व स्वतःचं, आईवडिलांचं, आजी-आजोबांचं किंवा पणजोबांचं असेल, तर मात्र अर्ज चालत नाही.

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, म्हणजे अर्ज तिकडूनच करायला हवा होता. "इथे आल्यावर करू" हा माझा शहाणपणा. त्यामुळे नवरा आला एंट्री व्हिसावर, म्हणजे लोक ज्याला एक्स व्हिसा म्हणतात त्यावर. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या अशा व्हिसावर आलेल्याने पोचल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची असते. हे आम्हाला अकराव्या दिवशी कळलं. आणि नुसत्या एक्स व्हिसावर नोकरी धरता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ओसीआय हातात येईपर्यंत चाळीस वर्षांचा कमावता माणूस घरात बसून माझ्या बाबांबरोबर शब्दकोडी सोडवत होता. त्याचं मराठी मात्र त्या काळात सुधारलं. 'आडवे शब्द' त्याला अजून उभ्यांपेक्षा सोपे वाटतात.

ओसीआयवरही काही गोष्टींना खास परवानगी लागते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत त्यांची यादी आहे: संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण वगैरे. एका ओळखीच्या संपादकांनी उत्साहाने म्हटलं, "जावईबापूंना आमच्याकडे सदर लिहू द्या की, इंग्रजाच्या नजरेतून नाशिक." मी यादी दाखवली. संपादक म्हणाले, "मग तुम्हीच लिहा."

जमिनीबद्दल बोलायचं तर ओसीआयधारक घर, फ्लॅट, दुकान घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे घेऊ शकत नाही. "बिचाऱ्याला शेतही घेता येत नाही" म्हणून हळहळणाऱ्या काकांना मी सांगितलं, मलाही येत नाही. महाराष्ट्राच्या कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, मग त्याचा पासपोर्ट कुठलाही असो.

"लग्न तिकडचं, इथे पुन्हा लावावं लागेल."

लावायचं तर हौसेने लावा, आमच्या आईने जेवणावळ घातलीच. कायद्याला त्याची गरज नाही. तिकडच्या कायद्याने झालेलं लग्न नोंदलेलं असेल, तर त्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का, घेऊन या. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. इंग्लंडचा दाखला असेल तर हे काम तिथल्या परराष्ट्र खात्याचं कार्यालय करतं, आणि ते तिथे असतानाच करून घेतलेलं बरं. नाशिकहून कुरियरने ते करण्यात जो वेळ जातो, त्यात नव्याने नोंदणी पद्धतीचं लग्न उरकलं असतं. विशेष विवाह कायद्याची नोटीस तीस दिवसांचीच असते.

"मुलांना अठरापर्यंत दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात."

हे सांगणारे बहुधा दोन गोष्टी एकत्र करतात. आमची मुलगी लीड्सला जन्मली. बाप ब्रिटिश म्हणून ती जन्मतः ब्रिटिश. आई भारतीय म्हणून भारताच्या कायद्याने ती वंशाने भारतीय होऊ शकत होती. अट अशी की जन्मानंतर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यायचं. म्हणजे कायदा दुसरं नागरिकत्व लहानपणी चालवून घेतो, दुसरा पासपोर्ट चालवून घेत नाही. नागरिकत्वाचे २००९ चे नियम तर परक्या देशाचा पासपोर्ट घेणं हाच तिथलं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानतात. अठराचा उल्लेख येतो तो वेगळ्या कारणाने. अशा नोंदलेल्या मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारताचं जातं.

इथेही एक जुना अन्याय आहे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळायचं ते बापाकडूनच. आई भारतीय असून उपयोग नव्हता. त्या काळात परदेशी माणसाशी लग्न करून तिकडे राहिलेल्या माझ्या एका मावशीची मुलं आज ओसीआयवर येतात, ती त्यामुळेच. मूल भारतात जन्मलं तर गुंता कमी. एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला, की मूल जन्माने भारतीय.

आम्ही मुलीचा ब्रिटिश पासपोर्ट काढला आणि तिला ओसीआय घेतलं. बरोबर केलं की नाही हे ती सोळाची झाल्यावर आम्हाला सांगेलच.

"तो परदेशी, त्याला इथे टॅक्स नाही."

प्राप्तिकर नागरिकत्व बघत नाही, मुक्काम बघतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलात की निवासी. पण पहिली दोन-तीन वर्षं सवलतीची असतात. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला माणूस 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' गणला जातो, आणि त्याच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. ही सवलत परतणाऱ्या भारतीयाला आणि त्याच्या परदेशी जोडीदाराला सारखीच आहे. ती संपली की तिकडचं घरभाडं, व्याज, खाती, सगळं विवरणपत्रात दाखवायचं. इंग्लंडहून येणारे इथे एका खड्ड्यात हमखास पडतात. तिथली आयसा बचत तिथे करमुक्त असते, म्हणून ती इथेही करमुक्त असणार असं धरून चालतात. भारताच्या कायद्याला आयसा म्हणजे दुसरं एखादं परदेशी खातं. तिकडचं सगळं विकून पैसा आणावाच लागतो, हे मात्र खरं नाही. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम ६(४) ची मुभा आहे.

जोडीदार अमेरिकन असेल तर वेगळीच कथा. अमेरिका नागरिकत्वावर कर आकारते, त्यामुळे नाशिकमध्ये राहूनही दरवर्षी तिकडचं विवरणपत्र चुकत नाही.

पेन्शन बुडते का? बुडत नाही, गोठते. ब्रिटिश सरकारी पेन्शनसाठी किमान दहा वर्षांचं योगदान लागतं, आणि ती भारतात मिळते. पण सुरू होताना जो आकडा असेल तोच शेवटपर्यंत. दरवर्षीची वाढ भारतात राहणाऱ्यांना नाही, अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिशाला आहे. नवऱ्याने हे वाचलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाव तरी गोठतील का?"

आणि "आजारपण निघालं तर तिकडे जाऊन फुकट उपचार" हेही विसरावं. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा हक्क पासपोर्टावर नसतो, तिथे राहण्यावर असतो.

"परदेशी माणूस इथे रुळत नाही."

यावर मी फार बोलत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह विक्रम खानोलकरांशी लग्न करून सावित्रीबाई झाली आणि परमवीरचक्राचं रेखाटन तिने केलं. मिनियापोलिसच्या गेल ऑम्वेट भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तिथेच गेल्या. ही थोर माणसं झाली. आमच्याकडे साधा माणूस आहे, आणि त्याची तक्रार उलटीच आहे. त्याला चार वर्षांत कुणी पाहुणेपणातून सोडलं नाही. आई त्याला ताट उचलू देत नाही, बाबा भाजीची पिशवी धरू देत नाहीत. तिखट त्याला पहिल्या महिन्यातच जमलं. रुळायला वेळ लागला मला. मी २०१० च्या नाशिकला परतले होते आणि ते कॉलेज रोडवर कुठेच सापडेना.

"नाहीच जमलं तर परत जाऊ."

हा माझा स्वतःचा गैरसमज. नवरा जाऊ शकतो, उद्या सकाळी. माझ्याकडे तिथली कायम वास्तव्याची परवानगी होती, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात. 'कायम' हा शब्द मी जरा जास्तच मनावर घेतला. सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिलं की ती संपते. माझी २०२४ मध्ये संपली. आता जायचं तर परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागून बघायचा, नाहीतर बायको म्हणून पहिल्यापासून अर्ज. त्यासाठी नवऱ्याने वर्षाला किमान २९,००० पौंडांची मिळकत दाखवायची. ११ एप्रिल २०२४ पूर्वी हा आकडा १८,६०० होता. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन मग निघाले असते, तर ही अडचण आली नसती, पण मग इथे मीही ओसीआयवर असते. निघण्याआधी हे दोन्ही हिशेब एका कागदावर मांडावेत. आम्ही मांडले नाहीत. आमच्याकडे कागद फक्त सामानाच्या यादीचा होता.

नवऱ्याचं कार्डही लग्नावर टांगलेलं आहे. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांत त्याची प्रत अपलोड करायची, आणि सोबत लग्न अजून टिकून असल्याचं स्वयंघोषणापत्र द्यायचं. गेल्या वर्षी त्याने ते भरलं, त्या दिवशी आमचं गॅस सिलिंडरवरून कडाक्याचं भांडण झालं होतं.

त्याच महिन्यात लीड्सच्या सासूबाई आजारी पडल्या आणि मी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरायला बसले. भेट संपल्यावर मी भारतात परत येईन याची खात्री पटेल असं काहीतरी जोडायचं होतं. नोकरीचं पत्र जोडलं, घराचा उतारा जोडला. एजंट म्हणाला, "अजून काही? कुटुंब इथेच आहे असं दाखवणारं?" मी कपाटातून नवऱ्याचं ओसीआय कार्ड काढलं आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स दिली. एजंटाने नाव वाचलं आणि विचारलं, "जेम्स म्हणजे सासरे का?"