फारसी बालकाच्या स्मृतीचे मोजमाप

स्मरणशक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाठांतर उभे राहते. ज्याला पाढे तोंडपाठ, कविता मुखोद्गत आणि सनावळ्या जिभेवर, तो विद्यार्थी स्मरणशक्तीचा धनी, असे आपण मानतो. परंतु स्मृतीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याच्यावाचून पाठांतराचीही सुरुवात होत नाही. गुरुजी सांगतात, "वही काढा, समास आखा, तारीख घाला आणि तिसरे उदाहरण सोडवा." वही काढून समास आखीपर्यंत पुढील दोन गोष्टी मनात धरून ठेवाव्या लागतात. तोंडी बेरीज करताना हातचा लक्षात राहतो, तोही याच शक्तीच्या बळावर. क्षणभर धरावयाचे, त्यावर काम करावयाचे आणि काम होताच सोडून द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. मानसशास्त्रज्ञ तिला कार्यस्मृती म्हणतात. आणि मनात धरलेली वस्तू शब्द, अंक किंवा ध्वनी असेल, तर ती शाब्दिक कार्यस्मृती होय.

लहान मुलातील ही शक्ती मोजता येते काय, आणि त्या मोजमापात भाषेचा वाटा किती, याचा विचार आम्ही येथे इराणातील फारसी बोलणाऱ्या बालकांच्या उदाहरणाने करणार आहोत. फारसी आपल्याला अगदीच परकी नाही. हजार, बाजार, दरवाजा हे शब्द तिच्याकडूनच आपल्याकडे आले. तरीही तिची ठेवण निराळी आहे, आणि त्या निराळेपणातच आमच्या विषयाचे मर्म आहे.

या मोजमापाचा इतिहास शाळेतच सुरू होतो. १८८७ साली जोसेफ जेकब्स यांनी लंडनमधील शाळकरी मुलींना अंकांच्या मालिका ऐकवून, ऐकताक्षणी त्याच क्रमाने म्हणावयास सांगितले. वयाबरोबर ही मालिका लांबत जाते, असे त्यांना आढळले. १९०५ साली फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची जी कसोटी रचली, तीत अंक आणि वाक्ये पुन्हा म्हणवून घेण्याचे प्रश्न होते. पुढे १९७४ मध्ये बॅडली आणि हिच या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी कार्यस्मृतीची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते ऐकलेला ध्वनी मनात दोनएक सेकंदच टिकतो. तो मनातल्या मनात पुन्हा उच्चारत राहिले, तरच अधिक काळ जिवंत राहतो. ओंजळीतील पाणी गळत असावे आणि आपण ते पुन:पुन्हा भरीत असावे, तसाच हा व्यापार आहे.

साधारणपणे दोन वर्षांचे मूल दोन, पाच वर्षांचे चार, सात वर्षांचे पाच आणि प्रौढ मनुष्य सुमारे सात अंक पुन्हा म्हणू शकतो. लहान मुलाची धाव तोकडी का, याचे एक कारण १९६६ साली अमेरिकेत फ्लॅवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. मुले आठवण ठेवीत असता त्यांचे ओठ हलतात काय, हे त्यांनी पाहिले. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी दोघांचे, सात वर्षांच्या वीसांपैकी बारांचे आणि दहा वर्षांच्या वीसांपैकी सतरांचे ओठ पुटपुटताना दिसले. ओंजळ पुन्हा भरण्याची युक्ती मुलाला वयानेच साधते.

आता भाषेचा प्रश्न घेऊ. ओंजळ दोन सेकंदांची असेल, तर ज्या भाषेत अंकांची नावे लांब, त्या भाषेत थोडेच अंक मावणार! १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. वेल्श अंक उच्चारावयास अधिक वेळ लागतो. म्हणून त्याच माणसांची अंकस्मृती वेल्शमध्ये कमी आणि इंग्रजीत जास्त भरली. माणूस तोच, स्मृती तीच, पण भाषा बदलताच माप बदलले. इंग्रज मुलांसाठी ठरविलेला आकडा वेल्श मुलाला लावला, तर ते मूल विनाकारण कच्चे ठरते.

फारसी अंक पाहा : येक, दो, से, चहार, पंज, शेश, हफ्त, हश्त, नोह. यांत 'चहार' सोडला तर सारे एका झटक्यात उच्चारले जातात, आणि बोलताना त्याचाही पुष्कळदा 'चार' होतो. मराठीत 'सहा' आणि 'नऊ' यांना दोन झटके लागतात. परंतु फारसीत दुसरी अडचण आहे. 'हफ्त' म्हणजे सात (आपला 'हप्ता' त्याच्याच कुळातला, मूळ अर्थ आठवडा) आणि 'हश्त' म्हणजे आठ. या दोहोंत एकाच व्यंजनाचा फरक आहे. सारखे ध्वनी स्मृतीत एकमेकांत मिसळतात, हे कॉनरॅड यांनी १९६४ मध्येच दाखविले होते. म्हणून हे दोन अंक शेजारीशेजारी ठेवले, तर चूक स्मृतीची की कानाची, हे परीक्षकाला सांगता येणार नाही.

अंक मुलाला आधीच ठाऊक असतात. ज्या मुलाच्या घरी मोजणी शिकविली जाते, त्याला आयताच लाभ होतो. यास्तव दुसरी कसोटी निघाली, ती निरर्थक शब्दांची. कोणत्याही अर्थाचा नसलेला शब्द एकदा ऐकवावयाचा आणि तसाच म्हणवून घ्यावयाचा. प्रथम दोन अक्षरांचा, मग तीन, मग चार. गॅदरकोल आणि बॅडली यांनी ही पद्धत इंग्रजी मुलांसाठी रूढ केली. जे मूल असे शब्द नीट म्हणू शकते, ते नवे शब्दही लवकर शिकते, असे त्यांना आढळले. विचार केला तर हे स्वाभाविक आहे. बालकाला प्रत्येक नवा शब्द पहिल्यांदा निरर्थकच असतो.

मात्र इंग्रजीची यादी फारसी मुलापुढे ठेवून चालत नाही. फारसी शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही. म्हणूनच बाहेरून आलेला 'क्लास' तेथे 'केलास' झाला. आरंभी 'स्प्र' असलेला शब्द फारसी मुलाने मोडून म्हटला, तर तो त्याच्या भाषेचा धर्म आहे, स्मृतीचा दोष नव्हे. उलट यादी फारसी वळणाची झाली, तरी अर्थ चोरपावलांनी आत शिरता कामा नये. समजा, 'तूबेसनाक' असा शब्द रचला. शेवटचे 'नाक' हे फारसीत ओळखीचे शेपूट आहे. आपल्याकडचा 'खतरनाक' आठवावा. तेवढा भाग मुलाला फुकट मिळेल. शिवाय चार वर्षांच्या मुलाला 'र' नीट येत नसेल आणि ते नेहमीच 'ल' म्हणत असेल, तर येथेही 'ल' म्हटल्याबद्दल गुण कापणे अन्यायाचे होईल. इराणातील वाचा-उपचारतज्ज्ञांनी फारसी निरर्थक शब्दांच्या स्वतंत्र याद्या तयार केल्या, त्या अशाच कारणांसाठी.

तिसरी कसोटी याहून कठीण. हिचा पाया डेनमन आणि कार्पेंटर यांनी १९८० साली घातला. तिच्या मुलांसाठी केलेल्या रूपात वाक्य ऐकावयाचे, ते खरे की खोटे ते सांगावयाचे, आणि सर्व वाक्ये संपल्यावर प्रत्येकाचा शेवटचा शब्द आठवावयाचा. येथे धरणे आणि काम करणे ही दोन्ही कामे एकदम होतात. इंग्रजीत शेवटी बहुधा नाम किंवा विशेषण येते. फारसीत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी. 'शीर सेफीद अस्त', म्हणजे 'दूध पांढरे आहे.' अशी चार वाक्ये भाषांतरून घेतली, तर मुलाने आठवावे काय? 'आहे, आहे, आहे, आहे'! म्हणून फारसीत एक तर निरनिराळी क्रियापदे योजावी लागतात, किंवा वाक्यातील दुसरा एखादा शब्द विचारावा लागतो. कसोटीचे भाषांतर करून भागत नाही, ती नव्याने रचावी लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एवढा खटाटोप कशासाठी? इराणात मूल सुमारे सहाव्या वर्षी प्राथमिक शाळेत जाते, आणि तत्पूर्वी त्याची दृष्टी, श्रवण, वाचा व शिकण्याची सिद्धता तपासण्याची पद्धत आहे. फारसी वाचनात कार्यस्मृतीला मोठे काम पडते, कारण पहिली पुस्तके संपली की ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. क, र, म ही तीन अक्षरे 'केर्म' म्हणजे किडा (आपला 'कृमी'), 'करम' म्हणजे औदार्य, किंवा 'केरेम' म्हणजे तोंडाला लावावयाचा लेप, अशी कशीही वाचता येतात. पुढचे शब्द येईपर्यंत मागचे ध्यानी धरून निवड करावी लागते. ज्या मुलांना ऐकू चांगले येत असूनही भाषा शिकणे विशेष जड जाते, अशी मुले निरर्थक शब्दांच्या कसोटीत बहुधा मागे पडतात. ती वेळीच ओळखली तर त्यांना साहाय्य मिळते; न ओळखली तर आळशी वा मंद म्हणून त्यांची हेटाळणी होते.

आणि येथेच सावधगिरी हवी. इराणातील पुष्कळ बालकांच्या घरची भाषा फारसी नाही. ती अझेरी तुर्की, कुर्दी, गिलकी किंवा बलुची आहे. तब्रीझच्या तुर्की घरातील मूल फारसी कसोटीत अडखळले, तर त्याची स्मृती दुबळी की भाषा नवी, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्याला त्याच्या घरच्या भाषेतही विचारून पाहिले पाहिजे. आम्हा बेळगावकडील मंडळींना हे पटवून देण्याची गरज नाही. घरी मराठी, बाजारात कानडी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी तीन दारांतून ये-जा करणारी मुले आपल्याच अंगणात आहेत.

म्हणून पालकांनी आणि वडील भावंडांनी एवढे ध्यानात ठेवावे. लहान मुलाला एका दमात चार कामे सांगून त्यातील दोन ते विसरले, तर ते हट्टाने नव्हे. त्याची ओंजळच तेवढी आहे. कामे एकेक करून सांगावीत, नवा शब्द दोनदा उच्चारावा, आणि त्याने तो पुन्हा म्हणेपर्यंत थांबावे. मोजणाऱ्याने मुलाला मापण्याआधी आपले माप त्या मुलाच्या भाषेतले आहे की नाही, हे तपासावे. तेहरानमध्ये जे न्याय्य, तेच बेळगावातही न्याय्य आहे.