जुन्या यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक

२०१८ मध्ये युरोपातील दुकानांत एक गमतीची वस्तू विक्रीला आली. दिसायला थेट १९८२ सालच्या ‘कमोडोर ६४’ या घरगुती संगणकासारखी, पण आकाराने त्याच्या निम्मी. तीच मातकट रंगाची पेटी, त्याच गडद तपकिरी कळा. मात्र कळ दाबायला जावे, तर ती हलतच नाही! सगळ्या कळा शोभेच्या. पेटीच्या आत आजच्या काळातील एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवलेली. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो आणि त्या काळचे ६४ खेळ टीव्हीच्या पडद्यावर खेळता येतात.

ही वस्तू घेतो कोण? मुख्यत्वे ज्यांचे लहानपण त्या संगणकासमोर गेले अशी मंडळी. ‘आजीच्या हातचे लोणचे’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी आपण घेतो, तेव्हा आत आजीचा हात नाही हे आपल्याला ठाऊक असते. तरी आपण ती घेतो. तसेच हे. आठवण विकत घेण्यात गैर काहीच नाही.

पण आठवणीबरोबर आणखी एक गोष्ट विकली जाते, ती म्हणजे इतिहास. ‘जगातील पहिला’, ‘सर्वांत लाडका’, ‘कोट्यवधी घरांत पोहोचलेला’ असे शब्द जाहिरातीतून लेखात जातात, लेखातून पुस्तकात जातात आणि काही वर्षांनी तेच सत्य ठरते. कमोडोर ६४ किती खपले, या प्रश्नाला कोणी १ कोटी ७० लाख असे उत्तर देतो, कोणी २ कोटी २० लाख, तर कोणी ३ कोटी. यंत्र एकच आणि आकडे तीन! यातला खरा कोणता, हे घरबसल्या तपासता येईल का? येईल. आणि त्यासाठी तुमच्या शाळेतील गणित पुरते.

‘६४’ म्हणजे काय?

आधी या यंत्राची ओळख करून घेऊ. कमोडोर या अमेरिकी कंपनीने ते ऑगस्ट १९८२ मध्ये बाजारात आणले. किंमत होती ५९५ डॉलर. नावातील ६४ हा आकडा त्याच्या स्मृतीचा. ६४ किलोबाइट म्हणजे ६५,५३६ बाइट. एका इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने तुम्ही वाचत आहात असे जेमतेम दोन लेख त्या सगळ्या स्मृतीत मावतील. त्याच्या प्रक्रियकाचे, म्हणजे गणिते करणाऱ्या मुख्य चिपचे, घड्याळ सेकंदाला सुमारे १० लाख ठोके देई. पडद्यासाठी घरचाच टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम साठवायला कॅसेट वापरायची.

१९७६ मध्येच कमोडोरने ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ ही चिप बनवणारी कंपनी विकत घेतली होती. महत्त्वाच्या चिप घरच्या घरी बनत असल्यामुळे संगणक स्वस्त ठेवता आला. तो मोठ्या भांडारांत आणि खेळण्यांच्या दुकानांतही मिळू लागला. एप्रिल १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजेपर्यंत त्याचे उत्पादन चालू होते.

आकडा कसा फुगतो?

कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले, की आपण कंपनीत असताना महिन्याला ४ लाख कमोडोर ६४ तयार होत आणि असे दोनेक वर्षे चालले. एकूण खप २ ते ३ कोटींच्या दरम्यान, असेही त्यांचे म्हणणे होते.

आता आपण कागद-पेन्सिल घेऊ. यंत्र बाजारात आले ऑगस्ट १९८२ मध्ये. ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले जानेवारी १९८४ मध्ये. मधले महिने झाले सुमारे १७. अगदी पहिल्या दिवसापासून दरमहा ४ लाख यंत्रे बनली असे धरले, तरी १७ गुणिले ४ लाख म्हणजे ६८ लाखच होतात. आणि नवे यंत्र पहिल्याच महिन्यात भरवेगाने बनू लागत नाही. शिवाय १७ महिने म्हणजे दोन वर्षेही नव्हेत.

म्हणजे ते गृहस्थ खोटे बोलत होते का? तसे समजण्याचे कारण नाही. माणसाच्या स्मरणात भरभराटीचे महिने ठसठशीत राहतात, मंदीचे पुसले जातात. उत्तम महिन्याचा आकडा सरासरी म्हणून आठवतो. याखेरीज आकडा फुगण्याच्या वाटा पुष्कळ असतात. कारखान्यातून निघालेली यंत्रे आणि गिऱ्हाइकाने घेतलेली यंत्रे यांत गल्लत होते. व्हिक-२०, कमोडोर १२८ अशी भावंडे एकाच्याच नावावर जमा होऊ शकतात. मग एक लेखक दुसऱ्याचा आकडा उतरवतो, तिसरा त्या दोघांचा. तीन ठिकाणी छापलेला आकडा तीन पुराव्यांसारखा वाटतो, पण मूळ सांगणारा एकच असतो.

रणगाड्यांची मोजणी

अशा वेळी आठवणीवर विसंबून नसलेला साक्षीदार हवा. तो मिळाला यंत्राच्या पाठीवरच. कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक यंत्रावर अनुक्रमांक घातलेला असतो. त्यावरून एकूण संख्या काढण्याची युक्ती दुसऱ्या महायुद्धात वापरली गेली.

जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवतो, हे दोस्त राष्ट्रांना जाणून घ्यायचे होते. हेरांच्या बातम्यांवरून ऑगस्ट १९४२ साठी १,५५० असा अंदाज निघाला. संख्याशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या गिअरबॉक्ससारख्या भागांवरचे अनुक्रमांक त्यांनी जमवले. त्यांचे उत्तर आले ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे हाती आली, तेव्हा खरा आकडा दिसला ३४२! हेरांचा अंदाज साडेचार पट फुगलेला होता. क्रमांकांचा अंदाज पाच टक्क्यांच्या आत होता.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

ही युक्ती तुम्ही वर्गात करून पाहा. मित्राला सांगा, की १ पासून क्रमाने आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाक, पण किती ते मला सांगू नकोस. डबा चांगला हलवा आणि पाच चिठ्ठ्या काढा. समजा, आकडे आले १२, २८, ४७, ६३ आणि ८०. एकूण चिठ्ठ्या किती असतील?

निदान ८० तरी आहेत, हे उघड आहे. पण नेमकी शेवटचीच चिठ्ठी आपल्या हाती आली असेल असे धरता येत नाही. मग ८० च्या पुढे किती? आता ८० च्या खाली पाहा. तिथे न निघालेले आकडे ८० वजा ५, म्हणजे ७५ आहेत. ते पाच फटींत विभागले आहेत : १२ च्या आधीची एक, १२ आणि २८ यांमधली दुसरी, याप्रमाणे. सरासरी फट ७५ भागिले ५, म्हणजे १५. आकडे सरमिसळ होऊन निघाले असतील, तर ८० च्या वरही साधारण तेवढीच फट असावी. म्हणून अंदाज ८० अधिक १५, म्हणजे ९५.

मित्राला खरा आकडा विचारा. एका खेपेस तुमचा अंदाज चुकेल, दुसऱ्या खेपेस जवळ येईल. वीस वेळा करा आणि सर्व अंदाजांची सरासरी काढा. मग पाचऐवजी दहा चिठ्ठ्या काढून पुन्हा करा. अंदाजांची पांगापांग कमी झालेली तुम्हांला दिसेल.

मात्र या रीतीला अटी आहेत. क्रमांक १ पासून सुरू व्हायला हवेत, मधले गाळलेले नसावेत आणि चिठ्ठ्या खरोखर सरमिसळ असाव्यात. खरे कारखाने इतके सरळ वागत नाहीत. वेगवेगळ्या देशांतील कारखान्यांच्या क्रमांकमालिका वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक मालिका आधी निराळी करावी लागते.

मग खरा आकडा कोणता?

२०११ मध्ये एका जर्मन संगणक-अभ्यासकाने हौशी संग्राहकांनी नोंदवून ठेवलेले कमोडोर ६४ चे अनुक्रमांक घेऊन असाच हिशेब केला. उत्तर आले सुमारे १ कोटी २५ लाख. हा शेवटचा शब्द नव्हे. १ कोटी ७० लाख हा आकडा मानणारेही आहेत आणि चर्चा चालू असते. पण ३ कोटींना आधार सापडत नाही.

गंमत पाहा : आकडा निम्म्याहून खाली आला, तरी इतक्या वर्षांत एकाच नमुन्याची एवढी यंत्रे खपलेला घरगुती संगणक म्हणून कमोडोर ६४ चे स्थान हलले नाही. खऱ्या आकड्याने त्याचे काहीच बिघडले नाही. फुगवण्याची गरजच नव्हती!

जो टिकतो, तो सांगतो

तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या आकड्यासाठी कशाला घाम गाळायचा? त्याचे कारण असे, की चुकीच्या इतिहासात काहींचे श्रम मोठे दिसतात आणि काहींचे नाहीसे होतात.

१९७७ मध्ये अमेरिकेत तीन तयार घरगुती संगणक बाजारात आले : ॲपल-२, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८०. पहिल्या काही वर्षांत टीआरएस-८० चा खप ॲपल-२ पेक्षा बराच अधिक होता. आज तुम्ही यांपैकी कोणाचे नाव ऐकले आहे? ॲपलचेच. टँडीने १९९३ मध्ये संगणक बनवणे सोडले, ॲपल टिकली. टिकलेल्या कंपनीला आपली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता येते. बंद पडलेल्या कंपनीची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. उरलेच तर नाव विकत घेणारे उरतात. २०२५ मध्ये कमोडोर हे नाव असेच नव्या हातांत गेले आणि त्या नावाने नवे ‘कमोडोर ६४’ पुन्हा विक्रीला निघाले.

टिकलेल्यांच्या गोष्टीही तपासाव्या लागतात. ॲपलचा जन्म गॅरेजमध्ये झाला, असे सर्वत्र सांगितले जाते. त्या कंपनीचा पहिला संगणक ज्यांनी रचला, त्या स्टीव्ह वॉझनियाक यांनीच २०१४ मध्ये सांगितले, की गॅरेजची गोष्ट काहीशी दंतकथाच आहे. रचनेचे काम तिथे झाले नाही. ते झाले ते नोकरीला असलेल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील आपल्या टेबलाशी. गॅरेजच्या गोष्टीत दोन मुले आणि एक कल्पना एवढेच दिसते. टेबलाच्या गोष्टीत मोजमापाची उपकरणे, सुटे भाग आणि जाणकार सहकारी असलेली एक प्रयोगशाळाही दिसते. विज्ञान कसे घडते, हे यांतली कोणती गोष्ट तुम्हांला अधिक खरेपणाने सांगते?

आणि आपल्या देशाचे काय? १९८४ मध्ये भारतातील निवडक शाळांत ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरतेचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्या शाळांत आलेले संगणक ना कमोडोर होते, ना ॲपल. ते होते इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. त्या वर्गांतील मुलांनी पडद्यावर पहिली अक्षरे उमटवली ती या यंत्रावर. अमेरिकी आठवणींच्या जाहिरातींत ही मुले कुठेच नाहीत. त्यांचा इतिहास दुसरे कोणी लिहील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या शाळेत पहिला संगणक कधी आला? शिक्षकांना विचारा, माजी विद्यार्थ्यांना विचारा. उत्तरे वेगवेगळी येतील. मग कार्यालयात जाऊन, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, डेडस्टॉक रजिस्टर पाहा. शाळेने घेतलेल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची तारीख, किंमत आणि संख्या त्यात असते. वस्तू निर्लेखित केली असेल तर तेही असते. एखादे जुने यंत्र अडगळीत सापडले, तर ते भंगारात जाण्यापूर्वी त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक उतरवून घ्या.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. पहिल्यात ‘कोणी काय सांगितले’, दुसऱ्यात ‘कशावरून’. आठवणींना पहिल्या रकान्यात मानाची जागा द्या. त्या नसत्या, तर शोध कुठून सुरू करावा हेही कळले नसते. पण दुसरा रकाना रिकामा असेल, तोवर त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.