जुनी गाडी घेताना तिची वही वाचा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



महाड-पोलादपूरकडच्या गटांच्या बैठकीत हल्ली जुन्या गाडीचा विषय वरचेवर निघतो. कुणाला नाचणीचं पीठ, पापड, कोकम बाजारात न्यायला छोटा हत्ती हवा असतो. कुणाला मुलाच्या धंद्यासाठी ईको घ्यायची असते. वाडी डोंगरात, एसटी ठरलेल्या वेळेलाच येणार, रात्री कुणी आजारी पडलं तर दारात गाडी असलेली बरी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघायची. त्यात गैर काहीच नाही. पण ते पैसे बहुतेक वेळा गटाच्या कर्जाचे असतात. गाडी बंद पडली तरी हप्ता बंद पडत नाही.

एखाद्या ताईला कर्ज देताना आपण काय करतो? तिची वही बघतो. मागचे हप्ते वेळेवर भरले का, मध्ये खंड पडला का, पडला तर कशामुळे. गाडीचीही अशीच वही असते. तिला सर्व्हिस रेकॉर्ड म्हणतात. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली की तिथे जॉब कार्ड बनतं. त्यावर तारीख, मीटरचं रीडिंग, काय काम केलं, कोणता पार्ट बदलला, हे सगळं लिहिलेलं असतं. गाडीच्या नंबरावरून किंवा चासी नंबरावरून ही माहिती निघते. ती परक्या माणसाला सहसा देत नाहीत. म्हणून गाडीच्या मालकालाच सोबत घ्या आणि त्याच्या समोर रेकॉर्ड काढून मागा. मालक यायला टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच समजा.

आपल्या भागात ही वही वाचायला एक खास कारण आहे. २२ जुलै २०२१ चा पूर आपण विसरलेलो नाही. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरात शिरलं, तेव्हा उभ्या असलेल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. त्याच दिवसांत चिपळूण बुडालं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात तेच झालं होतं. पुरात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला, तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत धरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून, रंगवून पुन्हा बाजारात येतात, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात. बाहेरून चकाचक दिसतात. पण वायरिंगच्या जोडात शिरलेला गाळ आणि ओल हळूहळू गंज धरते. मग एक दिवस घाटात दिवे जातात, नाहीतर इंजिन बंद पडतं.

म्हणून रेकॉर्ड हातात आलं की चार गोष्टी बघा.

पहिली, मीटरचं रीडिंग. ते तारखेप्रमाणे वाढतच गेलं पाहिजे. समजा, २०२१ च्या जॉब कार्डवर ७४,००० किलोमीटर लिहिलंय आणि आज मीटर ५८,००० दाखवतोय. मग मीटर मागे फिरवलाय, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

दुसरी, खंड. साधारण वर्षातून एकदा तरी सर्व्हिसिंग व्हायला हवं. दोन-तीन वर्षं नोंदच नसेल, तर त्या काळात गाडी कुठे होती, काम कुठे केलं, ते विचारा. बाहेरच्या गॅरेजला केलं असेल तर बिलं मागा. खंड जुलै २०२१ च्या पुढे सुरू होत असेल तर जास्तच खोलात जा.

तिसरी, मोठी कामं. वायरिंग, स्टार्टर, सीट, खालचं कार्पेट असं सगळं एकदम बदललेलं दिसलं तर गाडीत पाणी शिरलं असण्याची शक्यता मोठी. रेडिएटर, बोनेट, बंपर आणि एअरबॅग एकदम बदलली असेल तर समोरून जोरात ठोकर बसलेली असू शकते.

चौथी, ब्रेक आणि क्लच. आपल्याकडे कशेडी, आंबेनळी, वरंधा असे घाट. इथे चाललेल्या गाडीचे ब्रेक झिजणारच. वेळच्या वेळी बदलले असतील तर मालकाने गाडी नीट सांभाळली, असं समजा. लाखभर किलोमीटर चालून ब्रेकच्या कामाची एकही नोंद नसेल, तर विचारा.

छोटा हत्ती, पिकअप अशा गाड्या बऱ्याचदा नाक्यावरच्या गॅरेजलाच दुरुस्त होतात. तेव्हा त्या गॅरेजवाल्याला भेटा. गाडी त्याच्या ओळखीची असते.

आता विम्याचा कागद. त्यावर नो क्लेम बोनस असा रकाना असतो. वर्षभर भरपाई मागितली नाही की पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर २० टक्के सूट मिळते, आणि ओळीने पाच वर्षं मागितली नाही की ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. गाडी त्याच मालकाकडे बरीच वर्षं असून सूट शून्यावर असेल, तर एक तर मागच्या वर्षी भरपाई घेतलीय, नाहीतर विमा मध्येच बंद पडला होता. दोन्हीपैकी काय झालं ते विचारा. जुने विम्याचे कागद असतील तर पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीचा कागद आवर्जून बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हा रकाना उपयोगाचा नाही.

कागद बघून झाले की गाडीकडे वळा. दिवसाउजेडी जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. सीटखालचे नटबोल्ट, स्टेपनीची जागा, फ्यूजचा डबा इथे गाळ किंवा गंज आहे का ते बघा. इंजिन ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास येतो का बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर सावध व्हा. हे सगळं झालं की आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्या. विकणाऱ्याने आणलेला नको.

शेवटी मालकीचे कागद. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत दिसते. चासी नंबर गाडीवर आणि आरसीवर एकच आहे ना, ते ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. थकलेली ई-चलानं विकणाऱ्याला भरायला लावा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या एमएच-०६ गाड्यांचं आरटीओ कार्यालय पेणला आहे. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या.

आणि एक गोष्ट. कर्ज ज्या ताईच्या नावावर, गाडीही तिच्याच नावावर असू द्या. हप्ता तिने भरायचा आणि आरसीवर नाव दुसऱ्याचं, असं बऱ्याच घरांत होतं. उद्या गाडी विकायची वेळ आली तर तिची सही लागणार नाही, कर्ज मात्र तिच्याच माथी राहील.

पुरात भिजलेली प्रत्येक गाडी टाकाऊ असते असं नाही. मालकाने खरं सांगितलं, दुरुस्तीची बिलं दाखवली, मेकॅनिकने हो म्हटलं आणि किंमत त्या मानाने उतरली, तर विचार करता येतो. लपवून ठेवलेल्या गोष्टीला मात्र पूर्ण किंमत मोजू नका.

"ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपल्याला तारखा कळतात, आकडे जुळवता येतात, खंड कुठे पडला ते दिसतं. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला गाडीची वही वाचणं जड नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत एक ठराव लिहून ठेवा: गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईने सर्व्हिस रेकॉर्ड, विम्याचा कागद आणि आरसी गटासमोर ठेवायची. तीन कागद बघितल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही.