एका तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे

नॉर्थ ब्लॉक असो वा शास्त्री भवन, राजधानीतील सरकारी माणसाचे वय जन्मतारखेवरून क्वचितच मोजले जाते. तो कोणत्या वर्षी सेवेत आला आणि कोणत्या वर्षी बाहेर पडणार, या दोन आकड्यांवरून त्याची ओळख ठरते. गेल्या वीस वर्षांत त्यात एका तिसऱ्या तारखेची भर पडली आहे, ती म्हणजे १ जानेवारी २००४. एकाच कक्षात, एकाच श्रेणीत, शेजारशेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघांपैकी एक या तारखेच्या आधी रुजू झालेला असतो आणि दुसरा नंतर. पहिल्याला साठीनंतर काय मिळणार हे ठाऊक असते; दुसऱ्याला त्याचा अंदाज बांधावा लागतो. दोन पिढ्यांच्या आशावादातील अंतर मोजायचे तर समाजशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा ही तारीख अधिक उपयोगी पडावी.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आलेल्या मराठी अधिकाऱ्यांची पहिली पिढी आशावादी होती, यात नवल नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते, नियोजन आयोग नवा होता, आणि राज्यसंस्था हीच भविष्य घडवील असा विश्वास कारकुनापासून सचिवापर्यंत सर्वांना होता. देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये राजीनामा दिला तेव्हाही दिल्लीतील मराठी माणूस व्यथित झाला. राज्यसंस्थेवरील त्याचा विश्वास मात्र उडाला नाही. पगार बेताचे, सरकारी घर दोन खोल्यांचे आणि निवृत्तीचे वय पंचावन्न. ते १९६२ मध्ये अठ्ठावन्न झाले. भारतीयांचे सरासरी आयुर्मान स्वातंत्र्याच्या वेळी बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते, हे ध्यानात घेतले तर त्या काळी निवृत्तिवेतन ही बहुतेकांना फार वर्षे उपभोगता येणारी गोष्ट नव्हतीच. तरीही तिची शाश्वती मोठी होती. स्वतःच्या आयुष्याबद्दलच्या अपेक्षा माफक आणि देशाबद्दलच्या अवाढव्य, असे त्या पिढीच्या आशावादाचे गणित होते.

या शाश्वतीला घटनात्मक बळ मिळाले ते १७ डिसेंबर १९८२ रोजी. सुधारित निवृत्तिवेतनाचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच देण्याचा निर्णय केंद्राने घेतला होता. संरक्षण खात्यात वित्तीय सल्लागार राहिलेले आणि १९७२ मध्येच निवृत्त झालेले डी. एस. नकारा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला: निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेतून निर्माण होणारा हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गातील माणसांत भेद करता येणार नाही. सतरा डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर संघटना साजरा करतात. म्हातारपण हा राज्यसंस्थेशी झालेल्या कराराचाच भाग आहे, अशी भावना त्या निकालाने रुजवली.

पुढे हा करार बदलला, पण तो ज्या पद्धतीने बदलला ती राजकीयदृष्ट्या विलक्षण होती. मे १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांच्याच महिन्यात, वाजपेयी सरकारने निवृत्तीचे वय अठ्ठावन्नवरून साठ केले. सेवेत असलेले सुखावले. भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्यांची दोन वर्षे लांबली. त्याच सरकारने २२ डिसेंबर २००३ रोजी अधिसूचना काढून नव्या वर्षापासून रुजू होणाऱ्यांसाठी हमीचे निवृत्तिवेतन बंद केले. सैन्यदले तेवढी वगळली. कर्मचाऱ्याने दहा टक्के द्यायचे, सरकारने दहा टक्के द्यायचे, आणि साठीला त्या जमा रकमेच्या किमान चाळीस टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यायची. एवढ्या मोठ्या बदलावर दिल्लीत त्या वेळी मोठे आंदोलन पेटले नाही. पेटणार तरी कसे? ज्यांच्या हाती संघटना होत्या त्यांना याची झळ नव्हती, आणि ज्यांना झळ पोहोचणार होती ते अजून स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचत होते. गैरहजर माणसाच्या माथी भार टाकणे हे सर्वच सरकारांना सोयीचे वाटते. पश्चिम बंगालचा ठळक अपवाद सोडला तर बहुतेक राज्ये मागोमाग या वाटेने गेली. महाराष्ट्राची तारीख १ नोव्हेंबर २००५. केंद्रात सत्तांतर होऊनही धोरण बदलले नाही.

अर्थात, २००४ साली रुजू झालेल्या पंचविशीतील तरुणालाही त्याची फारशी खंत नव्हती. 'भारत उदय'ची घोषणा निवडणुकीत फसली असली तरी त्या घोषणेमागची मनःस्थिती शहरी तरुणांत खरी होती. बाजार वाढत होता. साठी पस्तीस वर्षे दूर होती. पंचविशीत म्हातारपण नेहमी दुसऱ्याचेच असते.

वीस वर्षांनी हीच पिढी पंचेचाळिशीत आली आणि हिशेब करू लागली. २००४ नंतर भरती झालेल्यांपैकी जे उशिरा सेवेत आले होते ते निवृत्त होऊ लागले, त्यांना मिळणाऱ्या वार्षिकीचे आकडे कार्यालयांत फिरू लागले, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी रामलीला मैदान भरले. त्याआधी मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत कर्मचारी आठवडाभर संपावर गेले होते. घोषणा मागे जाण्याची होती, हे लक्षणीय आहे. भविष्याकडे पाहून जे २००४ मध्ये गप्प राहिले, ते चाळिशी ओलांडताच वडिलांच्या पिढीला जे मिळाले ते परत मागू लागले. याला कोणी निराशा म्हणेल. वय वाढले की आशेला हमी लागते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

राजकीय पक्षांनी या मनःस्थितीचे मोल ओळखले, पण ते नेमके ओळखले असे म्हणता येत नाही. हिमाचल प्रदेशात २०२२ मध्ये जुन्या पेन्शनचे आश्वासन काँग्रेसला लाभले. राजस्थान आणि छत्तीसगढमध्ये ती योजना आधीच परत आणूनही २०२३ मध्ये सत्ता गेली. सरकारी कर्मचारी हा बोलका मतदार असला तरी तो मतदारांचा लहान अंश आहे, आणि ज्यांना कोणतेच निवृत्तिवेतन नाही अशा कोट्यवधींना त्याच्या साठीची चिंता वाटण्याचे कारण नाही. हमीच्या ओझ्याविषयी रिझर्व्ह बँकेने राज्यांना दिलेला इशाराही निराधार नव्हता.

केंद्राने मग मधला मार्ग काढला. टी. व्ही. सोमनाथन समितीनंतर २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान दहा हजार रुपये. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. रामलीला मैदानातील गर्दी पाहता या योजनेवर उड्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पर्याय निवडण्याची ३० जून २०२५ ची मुदत आधी सप्टेंबरअखेर आणि मग नोव्हेंबरअखेर न्यावी लागली, आणि तरीही सुमारे तेवीस लाख कर्मचाऱ्यांतून तिकडे वळलेले अल्पच राहिले. काहींना अजून जुनी पेन्शनच हवी आहे. काहींना मात्र बाजारात वाढलेली आपल्या नावाची पुंजी सरकारच्या हवाली करायची नाही. वडिलांनी सरकारवर ठेवलेला भरवसा यांनी स्वतःच्या खात्यावर ठेवला आहे. आशावाद संपलेला नाही, त्याने पत्ता बदलला आहे.

ज्येष्ठांची बेचैनी वेगळ्या कारणाने आहे. मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाबरोबर संसदेने एक तरतूद संमत केली: निवृत्तीच्या तारखेनुसार निवृत्तिवेतनधारकांत फरक करण्याचा अधिकार सरकारला आहे आणि तो पूर्वीपासूनच होता, असे मानले जाईल. विद्यमान निवृत्तिवेतनात यामुळे बदल होत नाही, असा खुलासा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केला. तरीही नकारा निकालाच्या आठवणीवर जगणाऱ्या संघटनांना त्यातून जे ऐकू यायचे ते ऐकू आले. केंद्राचे सेवेतील कर्मचारी सुमारे पन्नास लाख, तर निवृत्तिवेतनधारक पासष्ट लाखांहून अधिक आहेत. ऐंशी वर्षे पूर्ण होताच केंद्र मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्के भर घालते आणि शंभरी गाठल्यास ते दुप्पट करते. आयुर्मान सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या देशात ही तरतूद आता केवळ कागदावरची राहिलेली नाही. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या आठव्या वेतन आयोगाकडे दोन्ही गट डोळे लावून आहेत, मात्र त्यांची निवेदने एकमेकांच्या खिशाकडेही पाहणारी आहेत.

नौरोजीनगरातील जुनी सरकारी घरे जमीनदोस्त होऊन तिथे व्यापारी मनोरे उभे राहिले. तिथून काही किलोमीटरवरच्या जुन्या राजेंद्रनगरात लातूर, नांदेड, बीडहून आलेली मुले महागड्या भाड्याच्या खोल्यांत अभ्यास करतात. जुलै २०२४ मध्ये तेथील एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, तरी या गल्ल्या ओस पडल्या नाहीत. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि १०१६ जणांची शिफारस झाली. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा बत्तीस आणि संधी सहा. येथे म्हातारपण साठीला येत नाही. एकतिसाव्या वर्षी, पाचव्या अपयशानंतर, ते येऊन उभे राहते. सैन्याची वाट धरणाऱ्यांसाठी २०२२ च्या अग्निपथ योजनेने ते आणखी अलीकडे आणले: चार वर्षांनी पंचाहत्तर टक्के तरुणांनी गणवेश उतरवायचा.

यातून जे निवडले जातात त्यांना रुजू झाल्यावर तीस दिवसांत एक अर्ज भरावा लागतो. एकीकृत योजना हवी की बाजाराधारित, हे त्यात लिहून द्यायचे असते. अर्जदाराचे वय तेव्हा बहुधा पंचवीस ते तीसच्या दरम्यान असते, आणि गावाकडून वडील फोनवर हमीचीच योजना घ्यायला सांगत असतात.