मुक्तांगण विज्ञान शोधिका: कपाटाबाहेरची प्रयोगशाळा

मुक्तांगण विज्ञान शोधिका हे आयुकाचे शाळकरी मुलांसाठीचे केंद्र. आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात स्थापन झाले आणि जयंत नारळीकर त्याचे संस्थापक-संचालक झाले. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ, सुनीताबाईंच्या पुढाकाराने मिळालेल्या देणगीतून उभी राहिली. तिचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचेही नाव तेच. पुलंनी या योगावर नक्की कोटी केली असती. पुण्यात नुसते ‘मुक्तांगण’ म्हटले तर बहुतेकांना अवचट दांपत्याचे व्यसनमुक्ती केंद्र आठवते. त्यालाही देशपांडे दांपत्याचा आधार होता, त्यामुळे गोंधळ वाढतो.

आयुकातर्फे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्याने होतात आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दारे सर्वांना खुली असतात. उन्हाळी सुट्टीत आठवी ते दहावीची मुले आठवडाभर शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करतात. त्यासाठी शाळेने नाव सुचवावे लागते, आणि इथेच पहिली चाळणी लागते. ज्या शाळेत विज्ञानाचे उत्साही शिक्षक आहेत तिथली मुले पोचतात.

शोधिकेचे वेगळेपण याच्या पलीकडे आहे, आणि ते अरविंद गुप्ता यांच्यामुळे आले. बरेलीत जन्मलेले गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत साहित्य म्हणून काय मिळणार? आठवडी बाजारात मिळेल तेच. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या हे त्यांनी निवडले. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसायची की झाला वाकणारा सांधा. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याला मधोमध टाचणीने भोक पाडायचे. असे तीन सांधे जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो. त्याला कर्णाची काडी लावली की तोही ताठ होतो. पुलांच्या आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

२००३ साली गुप्ता शोधिकेत आले आणि सुमारे अकरा वर्षे राहिले. याच काळात खेळणी बनवण्याचे छोटे छोटे चित्रपट तयार झाले. ते मराठीसह अनेक भाषांत निघाले आणि फुकट उपलब्ध झाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या खेळण्यांतली सर्वात शिकवणारी वस्तू म्हणजे साधी मोटर. टॉर्चचा सेल, त्याच्या दोन टोकांना रबरबँडने बांधलेल्या दोन सेफ्टीपिना, वर एक चुंबक आणि पिनांच्या भोकांत अडकवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेवर इनॅमलचा लेप असतो. तो एका टोकाला पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाला फक्त अर्ध्या बाजूने. दोन्हीकडे पूर्ण खरवडला तर वेटोळे थरथरून अडकते, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलटा लागतो. अर्धी बाजू शाबूत ठेवली की नेमक्या त्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळे वेगाच्या भरात पुढे निघून जाते. मोठ्या डीसी मोटरीत कम्युटेटर त्या वेळी प्रवाहाची दिशाच उलटवतो.

विज्ञानापासून दूर राहिलेल्या मुलांच्या दृष्टीने इथे किमतीइतकीच महत्त्वाची बाब भीतीची आहे. शाळेतली महाग उपकरणे कपाटात कुलूपबंद असतात. बाहेर आली तरी शिक्षक दाखवतात आणि मुले पाहतात. गटाने प्रयोग करायचे ठरले तर जोडणी एखादा धीट मुलगा करतो आणि वहीत नोंदी मुलीकडे येतात, अक्षर चांगले म्हणून. इथली स्वस्त वस्तू मोडली तर कोणी रागावत नाही. प्रत्येकीच्या हातात स्वतःची मोटर असते, आणि ती फिरली नाही तर का फिरली नाही हे तिलाच शोधावे लागते.

मुली विज्ञानात मागे का राहतात, या प्रश्नाची दुसरी बाजू नारळीकरांच्या घरातच होती. त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताच्या संशोधनाला सुरुवात केली. १९६६ साली लग्न झाले, पुढे मुली झाल्या, आणि पीएच.डी. पूर्ण झाली १९८१ साली. त्यांनी मुलांसाठी मराठीत ‘गणितगप्पा’ लिहिले, बालभारतीच्या गणित समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. टीका बहुधा त्यांच्याकडून झाली ज्यांची मुले घरी पाढे शिकून शाळेत येत; संख्यांच्या नावांतल्या जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांची बाजू समितीनेच मांडली.

खेळण्यांची पोच मात्र साधारण दहावीपर्यंतच. त्यापुढे महाविद्यालयापर्यंतचे अंतर पुण्याच्या बिबवेवाडीत डोळ्यांना दिसते. अप्पर इंदिरानगरच्या दाट वस्तीला लागूनच विश्वकर्मा तंत्रज्ञान संस्था हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. वस्तीतून त्याच्या फाटकापर्यंत चालत जाता येते, पण प्रवेशाची वाट दहावी, अकरावी-बारावी, सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि शुल्क अशी लांबून जाते. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पुढे जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. मात्र तिचा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाल्यावरच होतो. त्याआधीच्या दोन वर्षांतला सीईटीच्या शिकवणीचा खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो.